गिटारची मान आणि तारांचं गणित

आमच्या होस्टेलच्या कुठल्याही मजल्यावर रात्री अकरानंतर एक चक्कर मारा. एका तरी खोलीतून गिटारचा आवाज येणारच. आणि त्याच्या पाठोपाठ हमखास ऐकू येणारं वाक्य म्हणजे, "बोटं कापली राव!" नवीन शिकणारा बिचारा समजतो की आपलीच बोटं नाजूक आहेत. महिनाभर झटापट करतो, मग गिटार कपाटावर जाते आणि तिच्यावर टॉवेल वाळायला लागतो. मित्रांनो, दहापैकी निम्म्या वेळा तरी दोष बोटांचा नसतोच. दोष असतो गिटारच्या 'सेटअप'चा. म्हणजे मान (नेक) किती वाकलीय, तारा फ्रेटपासून किती वर आहेत आणि तारा किती जाड आहेत, या तीन गोष्टींचा.

हे ज्ञान मला फुकटात मिळालेलं नाही. त्यासाठी मी आमच्या विंगची गिटार मोडली. ती गोष्ट आधी सांगतो, मग गणिताकडे वळू.

गुन्ह्याचा कबुलीजबाब

आमच्या विंगमध्ये एक गिटार आहे. कोणाची, ते कोणालाच माहीत नाही. प्रत्येक बॅच पासआउट होताना पुढच्या बॅचकडे सोपवते. गॅदरिंगला पंधरा दिवस राहिले होते आणि ती वाजवताना बाराव्या फ्रेटवर तारा चांगल्या चार मिलिमीटर वर. बारकोड... म्हणजे बार कॉर्ड पकडला की हात थरथरायचा. कोणीतरी म्हणालं, "आत एक नट असतो, तो आवळला की तारा खाली येतात." झालं! वर्कशॉपमध्ये दोन सेमिस्टर घालवलेला माणूस अशा वेळी मागे कसा राहणार? साउंड होलमधून पाच एमएमची अ‍ॅलन की घातली आणि आवळायला सुरुवात केली. पाव फेरा, अर्धा फेरा, एक फेरा. तारा किंचित खाली आल्या खऱ्या, पण पहिल्या चार फ्रेटवर झर्रर्र असा आवाज यायला लागला. मला वाटलं अजून थोडं आवळलं की जाईल. दीड फेऱ्याला आतून 'कट्' असा आवाज आला आणि की मोकळी फिरायला लागली.

ती रात्र कशी गेली ते विचारू नका. दुसऱ्या दिवशी गिटार घेऊन पेठेतल्या एका जुन्या वाद्यदुरुस्तीवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी मानेवर स्टीलची पट्टी ठेवली, एक डोळा मिटून पाहिलं आणि म्हणाले, "मान तर आधी सरळच असणार रे. सॅडल उंच आहे ही. डोकं दुखतंय म्हणून तू पायाला प्लास्टर घातलंस!"

पुढच्या सगळ्या लेखाचं सार या एका वाक्यात आहे.

मान वाकतेच का?

मेकॅनिकल आणि सिव्हिलच्या मंडळींनी इथे जरा सरसावून बसावं, कारण हा प्रश्न थेट आपल्या स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्सच्या पेपरातला आहे.

स्टीलच्या सहा तारा सुरात लावल्या की त्यांचा एकूण ताण साधारण ६० ते ८५ किलोपर्यंत जातो. म्हणजे एक खात्यापित्या घरचा विद्यार्थी रात्रंदिवस त्या मानेला ओढत बसलेला असतो! हा ताण मानेच्या न्यूट्रल अ‍ॅक्सिसवरून जात नाही, तिच्या वरून जातो. म्हणून नुसतं दाबबल येत नाही, बेंडिंग मोमेंटही येतो आणि मान तारांच्या बाजूला धनुष्यासारखी वाकते.

किती वाकते? एक ढोबळ हिशोब करू. ताण ७३ किलो, म्हणजे सुमारे ७१६ न्यूटन. तारा न्यूट्रल अ‍ॅक्सिसपासून सुमारे १२ मिमी वर. मोमेंट झाला ८.६ न्यूटन-मीटर. मानेचा छेद अर्ध्या लंबवर्तुळासारखा, ५० मिमी रुंद आणि २२ मिमी जाड धरला तर आय येतो सुमारे २९,००० मिमीचा चौथा घात. लाकडाचा यंग्ज मॉड्युलस १० जीपीए धरा (स्टीलचा २०० असतो, लक्षात आहे ना?). यातून वक्रतेची त्रिज्या येते सुमारे ३४ मीटर. आणि ३५ सेंटिमीटर लांबीच्या मानेत मधला खोलगटपणा येतो सुमारे ०.४५ मिमी. फक्त अर्धा मिलिमीटर! पण गिटारमध्ये अर्धा मिलिमीटर म्हणजे पुष्कळ. त्यात लाकडाला क्रीप असतो, म्हणजे वर्षानुवर्षं भार राहिला की ते हळूहळू आणखी वाकत जातं.

यावर उपाय म्हणून मानेच्या आत एक लोखंडी सळई बसवतात. तीच ट्रस रॉड. गिब्सन कंपनीतल्या थॅडियस मॅकह्यू यांना अशा घट्ट-सैल करता येणाऱ्या रॉडचं अमेरिकन पेटंट १९२३ मध्ये मिळालं. सगळ्यांनी ती लगेच उचलली असं मात्र नाही. १८३३ पासून गिटार बनवणाऱ्या मार्टिन कंपनीने अशी रॉड घ्यायला १९८५ साल उजाडलं.

जुन्या पद्धतीत ही सळई मानेत वक्र खाचेत बसवलेली असते, मधोमध मागच्या बाजूला खोल गेलेली. नट आवळला की सळई सरळ व्हायला बघते आणि मानेचा मधला भाग तारांच्या दिशेने वर ढकलते. सिव्हिलवाल्यांना काही आठवलं? प्रीस्ट्रेस्ड काँक्रीटच्या गर्डरमधली केबल! फ्लायओव्हरवर गाड्यांच्या भाराने जो बाक येणार, त्याच्या उलटा बाक आधीच देऊन ठेवायचा. तत्त्व तेच. फक्त गर्डर आपल्या मांडीवर मावतो.

मान एकदम सरळ का नको?

"मग आवळून एकदम सरळच करून टाकू की," असं वाटणं साहजिक आहे. पण तार छेडली की ती जागच्या जागी थरथरत नाही, मधोमध फुगते. तिला फुगायला जागा हवी. म्हणून मान अगदी किंचित खोलगट ठेवतात. या खोलगटपणाला रिलीफ म्हणतात. अ‍ॅकूस्टिक गिटारला ०.१ ते ०.२५ मिमी रिलीफ पुरतो. माझ्या हातून तो शून्याच्याही खाली गेला होता. मान उलटी, मागच्या बाजूला वाकली होती आणि म्हणून पहिल्या चार फ्रेटवर झर्रर्र होत होतं.

मोजमाप: जुगाड चालेल, अंदाज चालणार नाही

१. आधी गिटार ज्या सुरात वाजवणार त्या सुरात लावून घ्या. तारा सैल असताना घेतलेलं माप निरुपयोगी.

२. गिटार टेबलावर आडवी ठेवू नका. वाजवताना धरतो तशी मांडीवर धरा.

३. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावा. मान जिथे बॉडीला मिळते त्या फ्रेटवर (बहुधा चौदावा) सहावी, म्हणजे सगळ्यात जाड तार बोटाने दाबा. आता ती तार हीच आपली सरळ पट्टी झाली.

४. सहाव्या-सातव्या फ्रेटच्या डोक्यावर आणि तारेच्या खाली जी फट दिसते ती मोजा. फीलर गेज असेल तर उत्तम. टॅपेट सेटिंगला वापरतो तोच. रविवार पेठेत बोहरी आळीत सहज मिळतो. नाहीतर साधा ए-फोर कागद घ्या, तो सुमारे ०.१ मिमी जाड असतो. एक कागद आरामात जातो आणि तिसरा अडकतो, म्हणजे रिलीफ ठीक आहे. मानेला हात लावू नका.

५. मग कॅपो काढून बाराव्या फ्रेटवर तारांची उंची मोजा. हिला अ‍ॅक्शन म्हणतात. जाड तारेला सुमारे २.४ मिमी आणि बारीक तारेला १.८ मिमी हे सर्वसाधारण माप. बोटांचं हाल करणारी गोष्ट बहुतेक वेळा हीच असते.

आता निदान. मोकळी तारच झर्र करते, दाबल्यावर करत नाही, तर नटची खाच जास्त खोल गेलीय. पहिल्या चार-पाच फ्रेटवर झर्र होतं, तर रिलीफ कमी आहे. बाराव्याच्या पुढे होतं, तर अ‍ॅक्शन फार खाली आहे. एकाच जागी होतं, तर तिथला पुढचा फ्रेट वर उचललेला आहे, तो कारागिराकडूनच बसवून घ्या.

रॉड फिरवताना

रिलीफ जास्त असेल तर नट घड्याळाच्या दिशेने, म्हणजे घट्ट. कमी असेल तर उलट, म्हणजे सैल. नटच्या तोंडाकडे बघून ही दिशा धरायची. घट्ट करण्याआधी तारा थोड्या उतरवा. एका वेळी जास्तीत जास्त पाव फेरा, त्यातही आधी अर्धपाव फेरा देऊन बघा. पुन्हा सुरात लावा, पुन्हा मोजा. शक्य असेल तर एक दिवस थांबून पुन्हा मोजा, कारण लाकूड सावकाश जागेवर येतं. की बरोबर मापाचीच हवी. सैल की नटचे कोपरे खाते. आणि जोर लावावा लागला तर तिथेच थांबा. हे वाक्य मी दोनदा वाचायला सांगतोय: जोर लावावा लागला तर तिथेच थांबा.

काही स्वस्त गिटारमध्ये नुसती न फिरणारी सळई असते, तर नायलॉन तारांच्या क्लासिकल गिटारमध्ये बहुधा रॉडच नसते. नायलॉनच्या तारांचा ताण बराच कमी असतो. म्हणून क्लासिकल गिटारला "आवाज मोठा येतो" म्हणून स्टीलच्या तारा लावण्याचा पराक्रम कृपया करू नका. मान वाकेल किंवा ब्रिज उखडेल, किंवा दोन्ही.

अ‍ॅक्शन कमी करायची ती सॅडलने

रिलीफ ठीक आहे आणि तरी तारा वर आहेत, तर काम सॅडलचं. इथे समरूप त्रिकोण आठवा. बारावा फ्रेट नट आणि सॅडलच्या बरोबर मध्यावर. म्हणून बाराव्या फ्रेटवर १ मिमी कमी करायचं तर सॅडल २ मिमी घासावी लागते. सॅडल बाहेर काढा, पेन्सिलने रेघ मारा आणि सपाट काचेवर सँडपेपर ठेवून फक्त खालची बाजू घासा. वरची गोलाई बिघडवायची नाही. खालची बाजू काटकोनात राहिली पाहिजे, नाहीतर आवाज दबतो. थोडं घासा, बसवा, मोजा. घासलेलं परत येत नाही. फारच घासलं गेलं तर खाली कागदाची पट्टी घालून तात्पुरती वेळ मारून नेता येते. ब्रिजच्या वर सॅडल दोन-तीन मिमी तरी दिसायला हवी, नाहीतर तारांचा दाबच सॅडलवर पडत नाही.

क्रम लक्षात ठेवा: आधी तारा आणि सूर, मग रिलीफ, मग नट, शेवटी सॅडल. हा क्रम उलटा केला की सगळं पुन्हा करावं लागतं.

दहाचा सेट की बाराचा?

आता तारांकडे. दुकानात "दहाचा सेट द्या", "बाराचा द्या" असं म्हणतात, ते सगळ्यात बारीक तारेचं माप असतं, इंचाच्या हजाराव्या भागात. म्हणजे आपल्या वर्कशॉपच्या भाषेत थाऊ! दहा थाऊ म्हणजे ०.२५४ मिमी, बारा थाऊ म्हणजे ०.३०५ मिमी. फरक किती? अर्ध्या कागदाइतका. मग एवढी चर्चा कशाला?

कारण ताण जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. तारेचा ताण म्हणजे दर मीटरचं वस्तुमान गुणिले (दोन गुणिले लांबी गुणिले कंप्रता) याचा वर्ग. गिटारची लांबी ६४८ मिमी आणि पहिल्या तारेची कंप्रता ३२९.६ हर्ट्झ घातली की उत्तरं अशी येतात: दहाच्या तारेला ७.४ किलो, अकराच्या तारेला ९ किलो आणि बाराच्या तारेला १०.७ किलो. जाडी २० टक्क्यांनी वाढली, ताण ४४ टक्क्यांनी! बोटांना हे गणित न शिकताच कळतं.

पूर्ण सेटचा ताण साधारण असा: दहाचा ६० किलो, अकराचा ६७, बाराचा ७३ आणि तेराचा ८४. (जाड तारांची मापं कंपनीनुसार थोडी बदलतात, म्हणून आकडे ढोबळ.) वरच्याच सूत्रात ६० किलो घाला. मान ०.४५ ऐवजी ०.३७ मिमी वाकते. म्हणजे बाराचा सेट काढून दहाचा लावला की रिलीफ जवळजवळ एका कागदाने कमी होतो. म्हणूनच गेज बदलल्यावर "कालपर्यंत नीट होती, आज झर्र करते" अशी तक्रार येते. गिटार बिघडलेली नसते. फक्त नव्या ताणाला रिलीफ पुन्हा बघायचा असतो.

मग कोणता घ्यायचा? पहिलं वर्ष असेल तर दहाचा किंवा अकराचा. आवाज थोडा बारीक येतो, पण बोटं वाचतात आणि सराव टिकतो. मोठ्या बॉडीची गिटार असेल आणि दणकून ऱ्हिदम वाजवायचा असेल तर बाराचा. जड तार वरची लाकडी पाटी जास्त जोराने हलवते. तेराचा सेट जुन्या किंवा स्वस्त गिटारला लावू नका. ब्रिजच्या मागे पाटी फुगलेली दिसत असेल किंवा ब्रिजखाली कागद सरकत असेल तर दहाच्या वर जाऊच नका.

आणखी एक युक्ती. सगळ्या तारा अर्धा सूर खाली लावल्या तर ताण ११ टक्क्यांनी कमी होतो, पूर्ण सूर खाली लावल्या तर २० टक्क्यांनी. मित्राबरोबर वाजवताना पहिल्या फ्रेटवर कॅपो लावला की सूर पुन्हा नेहमीचा.

जाता जाता मेटलर्जीवाल्यांसाठी: पाकिटावर '८०/२० ब्रॉन्झ' लिहिलेलं असतं, त्यात ८० टक्के तांबं आणि २० टक्के जस्त. म्हणजे नाव ब्रॉन्झ, पण खरं तर ते पितळ! फॉस्फर ब्रॉन्झमध्ये मात्र खरंच कथील असतं. पहिलीचा आवाज चकचकीत, दुसरीचा जरा उबदार. आतली तार दोन्हीत स्टीलचीच.

पुण्याची हवा आणि मिरजेचं शहाणपण

पुण्यातल्या गिटारला दोन ऋतू विशेष त्रास देतात. एप्रिल-मेच्या दुपारी हवेतली आर्द्रता तीस टक्क्यांच्याही खाली जाते. लाकूड आकसतं, पाटी खाली बसते, तारा खाली येतात आणि फ्रेटची टोकं बोटाला टोचायला लागतात. जून ते सप्टेंबर उलटं. लाकूड पाणी पितं, पाटी फुगते, अ‍ॅक्शन वाढते आणि तारा गंजतात. लाकडाला मानवते ती ४५ ते ५५ टक्के आर्द्रता. तेव्हा गिटार उन्हाच्या खिडकीत किंवा ओल्या भिंतीला टेकून ठेवू नका, पिशवीत ठेवा. वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्याने पुसा. आणि ऋतू बदलला की एकदा कागद घालून बघा. पावसाळ्यात वाढलेली अ‍ॅक्शन बघून घाईने सॅडल घासली तर मे महिन्यात पस्तावाल.

काकांच्या दुकानात भिंतीला मिरजेचे तानपुरे टांगलेले होते. मी विचारलं, "काका, यांच्या दांडीत रॉड असते?" ते हसले. "कशाला? लाकूड पुरतं मुरू द्यायचं, मग कापायचं." एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेब शिकलगार यांच्यापासून मिरजेत ही कारागिरी सुरू झाली. हत्यारांना धार लावणारं घराणं सतारी-तानपुऱ्यांकडे वळलं. पंढरपूर-मंगळवेढा भागातले भोपळे तिथे जातात आणि वाद्य होऊन बाहेर पडतात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं.

मला सगळ्यात गंमत वाटली ती जवारीची. तानपुऱ्याच्या घोडीचा माथा मुद्दाम असा हलक्या उताराचा घासतात की तार थरथरताना तिला पुन्हा पुन्हा चाटून जाते. खाली सुताचा धागा सरकवून नेमकी जागा शोधतात. त्यातून तो भरलेला, झंकारणारा आवाज निघतो. म्हणजे गिटारमध्ये ज्या झर्रर्रला आपण दोष म्हणतो, तोच तिथे कानसने कमावलेला गुण! दोन्हीकडे खेळ मिलिमीटरच्या दहाव्या भागाचाच आहे. एक कारागीर तो कानाने मोजतो, आपण फीलर गेजने.

विंगच्या गिटारचं पुढे काय झालं?

तुटलेली रॉड बदलायची तर फ्रेटबोर्ड उखडावा लागतो. तो खर्च गिटारच्या किमतीपेक्षा जास्त. मी मान खाली घालून उभा होतो. काकांनी विचारलं, "सेट कितीचा आहे?" मी म्हणालो, "बाराचा." ते म्हणाले, "मग रॉड नाही तर नाही, भार कमी कर."

दहाचा सेट लावला, अर्धा सूर खाली. ताण ७३ वरून ५३ किलोवर आला. सूत्राप्रमाणे मान आता ०.३३ मिमी वाकायला हवी. मोजलं तर तीन कागद गेले, चौथा अडकला. आदर्श नाही, पण वाजण्याजोगं नक्कीच. मग त्यांनी माझ्याकडून सॅडल घासून घेतली, माझ्याच हाताने, दर वेळी मोजायला लावून. अ‍ॅक्शन चारवरून अडीचवर आली. गॅदरिंगला पहिल्या फ्रेटवर कॅपो लावून तीच गिटार वाजली. मागच्या रांगेतल्या कोणाला काही कळलंसुद्धा नाही.

यंदा आमची बॅच जाणार. गिटार ज्युनियर्सकडे सोपवताना साउंड होलच्या आत एक चिठ्ठी चिकटवली आहे: "दहाचा सेट. अर्धा सूर खाली. वर्षातून दोनदा कागद घालून बघा. रॉड तुटलेली आहे, मी तोडली. तुम्ही आधी मोजा, मग हात लावा."